नाक गेलेलं बंदर

जॅझ महोत्सवाच्या शनिवारी दुपारी मंजुळा चोगलेने बांगड्याचा तुकडा नाकाशी धरला आणि तिला बांगडा सोडून सगळ्याचा वास आला. शेजारच्या टपरीवरची कॉफी आली, पाहुण्यांनी अंगाला चोपडलेलं उन्हाचं मलम आलं, कुणाचं तरी अत्तरही आलं. मासा तेवढा गप्प होता.

आडबंदरच्या किनाऱ्यावर पन्नास पन्नास पावलांवर पांढरे खांब उभे होते आणि त्यांतून शुक्रवारपासून बारीक धुकं सुटत होतं. पाहुण्यांना मासळीचा वास येऊ नये म्हणून सोडलेल्या या धुक्याचं नाव गंधविराम. मासळीच्या वासाचे रेणू नाकात ज्या जागी जाऊन बसतात, त्या जागा धुक्यातले कण आधीच अडवून ठेवतात, असं ते शोधून काढणाऱ्या डॉ. विभावरी कर्णिकांनी गावाच्या सभेत समजावून सांगितलं होतं. वास हवेत असतोच, फक्त माणसापर्यंत पोहोचत नाही. गावाने टाळ्या वाजवल्या, त्यात मंजुळाही होती.

चाळीस वर्षं या बंदरात मासळीवरचा शेवटचा शब्द तिचा होता. टोपली तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. एरवी ती कल्ले उघडून बघे, डोळे बघे. पण मुंडकी बघून पाहुण्यांना किळस येते म्हणून महोत्सवाचा माल बाहेरगावाहून साफ होऊन, मसाला लावून डब्यांतून येत होता. बघायला उरलं होतं काय, तर लाल मसाला. वास येत नाही म्हणजे माल चांगला, या जुन्या सवयीने ती म्हणाली, "चालंल. तळा."

तिला जरा चुकल्यासारखं वाटलं, नाही असं नाही. ताज्या बांगड्यालाही वास असतोच. पण तेवढ्यात फेलिक्स डिमेलो समोर आला. हा सत्तरीतला वसईचा सॅक्सोफोनवाला. वाजवता वाजवता तो मूळ चाल सोडून भलतीकडेच भरकटे, लिलावातल्या बोलीसारखा चढत जाई आणि आता हा हरवला असं वाटावं तोच ठरल्या जागी अलगद परत येई. मंजुळाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तो परत येतो कसा, हे ऐकायला ती आदल्या दिवशी हातातलं काम टाकून उभी राहिली होती.

"तुम्ही हुंगलाय ना, मंजुळाबाई? मग द्या," म्हणत त्याने तीन तुकडे फस्त केले.

अर्ध्या तासाने तो मंचावर होता. चाल सोडून गेला, चढत गेला आणि परत आला नाही. सूर चिरकले, फाटले, मधेच बंद पडले. लोकांना वाटलं ही नवीनच करामत. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मंजुळाला मात्र त्याचा लालबुंद चेहरा आणि मानेवर उठलेल्या गांधी दिसल्या. बांगडा उन्हात राहिला की त्यात विष धरतं, ते तळूनही जात नाही, हे बंदरावरची पोरंसुद्धा जाणतात. ती गर्दी रेटत मंचावर चढली.

फेलिक्सला दवाखान्यात नेलं, सुई दिली, जीव वाचला. "लोक टाळ्या वाजवत होते हो," एवढंच तो तिला म्हणाला.

रविवारी सकाळी ती परत आली तेव्हा दुसरा वाद्यवृंद रंगात होता. तिच्या टपरीमागे साठलेल्या मासळीच्या घाणीच्या पिंपात अळ्या वळवळत होत्या, आणि त्याच पिंपाला टेकून एक जोडपं आइस्क्रीम चाटत डुलत होतं. जन्म मासळीत गेला, पण अशी शिसारी मंजुळाला कधी आली नव्हती. त्या अळ्यांची आली, त्या जोडप्याची आली, आणि सगळ्यांत जास्त सभेत टाळ्या वाजवलेल्या आपल्या हातांची आली.

डॉ. कर्णिक तिला शोधतच आल्या होत्या.

"चूक माल उन्हात ठेवणाऱ्याची आहे. धुक्याने मासा बिघडत नाही," त्या म्हणाल्या.

"बिघडत नाय, बाय. पण बिघडला ता कळत नाय. माझा नाक कधी परत येल?"

"धुकं थांबलं की आठवड्यात." त्या थोड्या घुटमळल्या. "पण ते थांबणार नाही. गावाने काल ठराव केलाय. खांब आता कायमचे."

मंजुळाने तळलेले तुकडे बाजूला सारले.

"घाबरू नका. बघा, मी स्वतः खाते." कर्णिकबाईंनी आज आलेल्या डब्यातला तळलेला तुकडा ताटलीत घेतला, मोडला, तोंडाकडे नेला. वाटेत हात आपसूक नाकाशी थांबला. त्यांनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. समोर टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

मग ताटली मंजुळापुढे धरून त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही सांगा ना. हा खाऊ की नको?"