संगणकाला न सापडलेलं घड्याळ

पडद्यावरचा राजा टोळासारखा टुणटुण उड्या मारत होता. मुकुट इकडे, तलवार तिकडे आणि मृदंगाचा नुसता तडतडाट. केतकीला हसू फुटलं होतं, पण बाबुली आजोबांचा पडलेला चेहरा बघून तिने ते गिळलं.

तो राजा म्हणजे आजोबाच, पन्नास वर्षांपूर्वीचे. दशावतारात त्यांचा राजा प्रवेश करायचा तेव्हा अख्खी जत्रा श्वास रोखून बसायची म्हणे. आता गुडघे गेले, पाऊल टाकून दाखवता येईना. आणि यंदा राजाचं काम पहिल्यांदाच केतकीला मिळालं होतं. शिकायचं कुठून? ते पाऊल उरलं होतं फक्त या जुन्यापुराण्या संगणकातल्या एका व्हिडिओत, आणि तो व्हिडिओ उघडणारा प्रोग्रामही तेवढाच म्हातारा, दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालायचं नाव घेत नव्हता.

संगणक दुरुस्त केला होता घरच्या चिमट्या नावाच्या यंत्रमानवाने. मरणपंथाला लागलेला प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) काढून त्याने हजारपट वेगवान नवा बसवला होता आणि वर शेखीही मिरवली होती. आता बिचारा दिवे मंद करून कोपऱ्यात उभा होता.

"संगणकात घड्याळच नाही, असं प्रोग्राम म्हणतोय," तो पुटपुटला.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रं. कुठलं चित्र किती वेळ ठेवायचं, हे प्रोग्राम घड्याळ-चिपला (ठरावीक वेळाने आपला आकडा वाढवणाऱ्या छोट्या भागाला) विचारतो. ती नसेल तर चित्र तयार झालं की दाखवून मोकळा होतो. नवा मेंदू तर चित्रं लाह्यांसारखी फोडत होता.

पण पडद्याच्या कोपऱ्यात वेळ अगदी बरोबर दिसत होती. मग घड्याळ नाही कसं? केतकी हट्टालाच पेटली. प्रोग्राम घड्याळ शोधतो तरी कसं, हे तिने खोदून खोदून विचारलं. तो आकडा एकदा वाचतो, लगेच पुन्हा वाचतो. बदलला असेल तर घड्याळ आहे, नाहीतर नाही, असं चिमट्याने सांगितलं. दोन्ही आकडे त्याने दाखवलेही. ते सारखेच होते. केतकीने त्याला थांबू नकोस, वाचतच राहा म्हणून सांगितलं. पडद्यावर तोच आकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच... आणि मग अचानक एकाने वाढलेला.

"घड्याळ आहे रे," केतकी म्हणाली. "पापणी लवायच्या आत दोनदा बघितलं, तर तासकाटा हललेला दिसेल का?"

जुना मेंदू संथ होता. त्याचं दुसरं वाचन होईस्तोवर आकडा बदललेला असायचा. नवा इतका चपळ, की आकड्याला हलायला सवडच मिळत नव्हती. दोष ना घड्याळाचा ना मेंदूचा, घाईघाईच्या तपासणीचा होता. म्हणून आकडा बदलेपर्यंत वाचत राहायचं, असं केतकीने ठरवलं. घड्याळ खरंच बंद पडलेलं असेल तर जन्मभर वाचत बसायचं का, अशी चिमट्याने रास्त शंका काढली. मग दोघांनी मर्यादा घातली: कोटीभर वेळा वाचूनही आकडा हलला नाही, तरच नाद सोडायचा.

चिमट्याने प्रोग्राम सुधारला आणि व्हिडिओ लावला.

राजा आला. एक पाऊल टाकून थांबला. मृदंग घुमला, तशी त्याची मान सावकाश वळली. आजोबांचे डोळे भरून आले आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडलेही नाहीत. केतकी पडद्यासमोर उभी राहिली, तिने तसंच पाऊल उचललं आणि तोल जाऊन धपकन खाली बसली.

आजोबांनी काठीने जमिनीवर ठेका धरला.

"परत लाव रे, चिमट्या," ते म्हणाले. "आमचा नवा राजा आत्ता कुठे रंगमंचावर येतोय."