दुपारची मात्रा

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधाची शिशी घरून न्यावी लागे, गरम पाण्यानं धुऊन आणि उलटी वाळवून. कंपाउंडर खुशालराव तिच्यात मिक्स्चर भरत आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीला कात्रीनं दात पाडलेले असत. एक दात म्हणजे एक मात्रा. शुक्रवार, ११ एप्रिल १९५८ रोजी सकाळी त्यांनी आमच्या शिशीवर आठ दातांची पट्टी लावली.

"सकाळी सात, संध्याकाळी सात," ते म्हणाले. "चार दिवस पुरते. डिजिटालिस हाय याच्यात, चिंतामणराव. तुमच्या पेपरातली बातमी नाही हे, का दोनदा छापली तरी चालते."

औषध माझ्या थोरल्या बहिणीचं होतं. विमलअक्का विधवा. नवरा गेल्यावर ती अकोल्याहून माझ्याकडे अमरावतीला आली आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागली. अंबागेटच्या आत आमच्या दोन खोल्या होत्या आणि घरात आम्ही दोघंच. त्या वर्षी तिच्या पायांवर सूज चढली. उताणं झोपलं की श्वास पुरेना. औषधाशिवाय हृदय थकेल आणि जास्त झालं तर औषधच ते थांबवेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

म्हणून मात्रा मीच देत होतो. दिली की वेळ कागदावर लिहीत होतो. दहा ते सहा मी पेपराच्या कचेरीत असे. तानुबाई भांडी घासून अकराला जाई. त्यानंतर अक्का एकटी, दाराला आतून कडी.

शनिवारी संध्याकाळी शिशी उजेडात धरली. तीन मात्रा दिल्या होत्या. पाच दात उरायला हवे होते. तीन उरले होते.

"तू घेतलंस मधे?"

"मी कशाला घेऊ?" अक्का म्हणाली. "इतकं कडू कोणी हौसेनं पितं?"

शिशीला भेग नव्हती. बूच घट्ट होतं. चौथी मात्रा देऊन शिशी लोखंडी ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. रविवारी सकाळी पाचवी मात्रा देऊन पुन्हा कुलूप लावलं आणि तानुबाईला विचारलं.

"मी कायले हात लावू, दादा? मले तं त्याच्या वासानंच मळमळते," ती म्हणाली. मग ट्रंकेकडे पाहून, "आता औषधालेई कुलूप लावून राहिले तुमी. उद्या मिठाले लावसान."

रविवारीही कचेरी होती. संध्याकाळी ट्रंक उघडली. आत एक दात औषध असायला हवं होतं. शिशी रिकामी होती. ट्रंकेतले कपडे कोरडे होते.

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोनदा उलटी झाली होती. "चिंतू, ही चादर पिवळी का टाकलीस?" तिनं विचारलं.

चादर पांढरी होती.

डॉक्टर आले. त्यांनी पूर्ण एक मिनिट नाडी धरली. "चव्वेचाळीस. किती देताय?"

मी कागद दाखवला. त्यांनी तो वाचून परत दिला. "कागद बरोबर आहे. नाडी आणि हे पिवळं दिसणं याच्याशी जुळत नाही, औषध जास्त गेलंय. दोन दिवस बंद ठेवा. बुधवारपासून निम्म्या ताकदीचं देऊ. दिल्यावाचून गत्यंतर नाही."

सोमवारी सूज गुडघ्यांवर आली. मंगळवारी संध्याकाळी अक्कानं मला जवळ बसवलं.

"ती शिशी मी अकोल्याहून आणली होती. ह्यांच्या औषधाची. तेव्हाही मीच द्यायचे, कागदावर लिहून. मग माझे चार दिवस आले, मी बाजूला बसले. सासूबाई देऊ लागल्या. त्यांची वेळ बाराची, देवाला नैवेद्य झाल्यावर. लिहिता येत नव्हतं. पानाच्या डब्यातला चुना बोटाला लावून खाटेमागं भिंतीवर ठिपका काढायच्या."

"मग?"

"चौथ्या दिवशी न्हाऊन मी पुन्हा द्यायला लागले. त्यांना वाटलं, अजून त्यांच्याचकडे आहे. आमचं बोलणं नव्हतं तेव्हा. दोन दिवस दोघीही देत होतो. ह्यांच्या तेराव्यानंतर खाट हलवली, तेव्हा ठिपके दिसले."

"त्यांना कळलं?"

"दोघींनी एकदमच पाहिले. तरी मरेपर्यंत म्हणायच्या, माझा हात चुकला नाही."

अक्काच्या सासूबाई, पार्बताबाई, जाऊन पाच वर्षं झाली होती.

ती शिशी मी उकिरड्यावर फोडली. बुधवारी दवाखान्यातून कोरी शिशी मागून घेतली, निम्म्या ताकदीचं औषध आणि आठ दातांची पट्टी घेऊन आलो. कचेरीत रजा कळवली. साडेअकराला दाराची कडी, खिडकीची खिटी पाहिली आणि शिशी मुठीत धरून खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो. सकाळची मात्रा दिलेली होती. सात दात. दर पाच मिनिटांनी पाहत होतो.

उन्हानं रस्ता ओस पडला होता. शेजारच्या घरात देवापुढची घंटी वाजली.

मिक्स्चरचा वास आला. बूच माझ्या अंगठ्याखाली होतं.

अक्का डोळे मिटून होती. तिची हनुवटी किंचित वर झाली.

गालांवर, दोन्ही बाजूंना, खळगे पडले. दाबल्यासारखे.

ओठ उघडले.

"सासूबाई," ती म्हणाली, "सकाळी दिलंय मला."

गळा हलला. एकदा.

मी मुठीत पाहिलं. सहा दात.

गुरुवारी पहाटे साडेचारला अक्का गेली. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. साडेनऊला आम्ही नेलं, घरी यायला पाऊण वाजला. तानुबाई ओसरीत बसून होती.

"मी आत नाही गेली, दादा," ती म्हणाली. "कोनीच नाही गेलं."

गादी द्यायची होती म्हणून खाट ओढली. भिंतीचा खालचा पट्टा गेरूचा होता. त्यावर खाटेच्या उंचीला, एका ओळीत, पांढरे ठिपके होते. आमच्याकडे पान कुणी खात नाही. मी कागद काढून ताडून पाहिलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवार-मंगळवार औषध बंद. बुधवार. चार.

ठिपके पाच होते.

पाचव्याला बोट लावलं. चुना ओला होता.