उत्तरेचा कोपरा

“झाड लावताय, की गुप्तधन शोधताय?”

उत्कर्षा दचकली. हातातलं गिरमिट मातीत तसंच उभं राहिलं. श्रावणातली भुरभुर चालू होती आणि समोर एक उंच तरुण उभा होता — पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर छत्रीऐवजी प्लास्टिकची पिशवी.

“मातीचा नमुना घेतेय,” ती ठसक्यात म्हणाली. “मालकांना सांगा, माती तपासणाऱ्या बाई आल्यात.”

“सांगितलं. मालक म्हणतात, बाईंना उद्या बोलावलं होतं.”

मालक तोच होता, प्रज्ञेश. उत्कर्षानं जीभ चावली. कात्रजचं दुसरं काम लवकर आटोपलं म्हणून ती एक दिवस आधीच कुंपणाची कडी काढून आत शिरली होती. चूक सर्वस्वी तिची, आणि तरी राग त्याचाच येत होता, कारण तो हसत होता. राग तरी कसला... हसताना गालावर खळी पडत होती हो त्याच्या!

प्रज्ञेश आर्किटेक्ट. आई बालवाडीतून निवृत्त झालेली. तिच्यासाठी या जागेवर त्याला पाळणाघर उभं करायचं होतं, आसपासच्या बांधकामांवर राबणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. मदत देणाऱ्या संस्थेची अट एकच — या जमिनीवर पूर्वी काय काय झालं ते शोधा आणि माती विषारी नाही याचा अहवाल द्या. तो अहवाल उत्कर्षानं लिहायचा होता.

सातबाऱ्यावर नुसतं ‘पड’. मग ज्यांनी जमीन विकली त्या सुंदराबाईंच्या ओट्यावर चहा पीत चौकशी झाली.

“आदी जवारी व्हायची. मंग पडीकच हाय,” सुंदराबाई म्हणाल्या. दोघांकडे आळीपाळीनं बघत त्यांनी उलट चौकशी केली, “तुमचं लगीन कवा हाय?”

उत्कर्षाला ठसका लागला. प्रज्ञेशनं तिच्याकडे न बघता पाण्याचा तांब्या पुढे केला. कान मात्र लालबुंद.

ती स्कूटर काढतच होती, तेवढ्यात तो धावत आला.

“अहो, थांबा... त्यांना आठवलं नसेल. उत्तरेच्या कोपऱ्यात पूर्वी पत्र्याची शेड होती. जुन्या बॅटऱ्या फोडायचे तिथे. शेजारच्यांनी सांगितलं मला.”

“म्हणजे मातीत शिसं असू शकतं,” उत्कर्षा सावकाश म्हणाली. “तुम्ही बोलला नसतात, तर त्या कोपऱ्यात मी गिरमिट लावलंही नसतं.”

“माहितीये.”

“पाळणाघर बारगळू शकतं.”

“तेही माहितीये. पण मुलं माती खातात हो.”

बस्स. एवढ्या एका वाक्यावर उत्कर्षा प्रेमात पडली, आणि स्कूटर चालू करायचंच विसरली.

त्यानंतर नमुने घ्यायला ती तीनदा गेली. त्यांपैकी दोनदा कामासाठी. तिसऱ्यांदा त्यानं डेअरीतून थंडगार मठ्ठा आणला. एका छत्रीखाली दोघं उभी राहिली, त्याची बाही भिजत राहिली, आणि मातीविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.

पंधरा दिवसांनी प्रज्ञेश शनिवार पेठेतल्या तिच्या ऑफिसच्या जिन्यात उभा होता. चेहरा पडलेला.

“तुमच्या ऑफिसातल्या कल्याणी मॅडमचा फोन आला. कोपऱ्यात शिसं निघालं. तिथली माती खणून न्यावी लागेल, बाकी जागा स्वच्छ. पाळणाघर होणार... चार महिने उशिरा.”

“खरंच?” आनंदाच्या भरात तिनं त्याचे दोन्ही हात धरले, आणि चटका बसल्यागत सोडले.

“पण हे मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. फाइल दुसऱ्यांना दिलीत, फोन उचलत नाही... माझं काही चुकलं का?”

उत्कर्षा आत गेली आणि अहवालासोबत जोडायचा एक कागद घेऊन आली. सगळे रकाने तिच्या अक्षरात भरलेले. शेवटी छापील ओळ होती — ‘जागेच्या मालकाशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही.’ त्याखाली सहीची जागा कोरी.

“पण तसा संबंध नव्हताच की...” तो गोंधळला.

“तुमच्या बाजूनं नसेल.” तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “मी कितीदा पेन उचललं. खोटं लिहवेना. म्हणून काम मॅडमना दिलं, नमुनेही त्यांनी नव्यानं घेतले. निकाल लागेपर्यंत तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मला तुम्ही आवडता, प्रज्ञेश. फार आवडता. झालं सांगून!”

त्याच्या गालावर हळूच ती खळी उमटली.

“मालकाला विचारायची पद्धत नाही का तुमच्यात?”

“मालकाच्या सहीला रकानाच नाही.”

“असता तर मीही कोराच ठेवला असता, उत्कर्षा.”

बाई नाही, तुम्ही नाही... नुसतं उत्कर्षा. तिला रडू येतंय की हसू, तेच कळेना.

“मग आता?” तिनं विचारलं.

“आता आईकडे. ‘ती मातीवाली मुलगी जेवायला कधी येणार’ म्हणून रोज डोकं खातेय माझं.”

उत्कर्षा हेल्मेट आणायला आत पळाली.