मूठ वळ, आई

त्या दुपारी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. टोपीखाली लावायची पेस्ट संपली होती, ती प्रयोगशाळेच्या कपाटातून घ्यायची होती. धाकट्या बहिणीला मी सांगितलं, रुग्णालयात आज उशिरा ये, मशीन तपासायचंय. मशीनला काही झालं नव्हतं. मला एक दुपार आई माझ्या एकटीची हवी होती, बस्स.

माझं काम मेंदूच्या लहरी वाचण्याचं. डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि पडद्यावर उमटणाऱ्या रेषांवरून आत काय चाललंय ते सांगायचं. धाकटी उपनिषदं शिकवते. आमचा वाद जुना होता. मी म्हणायची, जाणीव हे मेंदूचं काम आहे, मेंदू थांबला की खेळ खलास. ती म्हणायची, "ताई, मन थकतं, मेंदू विझतो, पण हे सगळं पाहणारा, तो साक्षी, तो कुठे जात नाही." आई दोघींनाही गप्प करायची. हसायची मात्र तिच्याकडे बघून.

मग आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती रुग्णालयातल्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत येऊन पडली. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. डॉक्टर म्हणाले, आत कुणी आहे असं वाटत नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आम्हा बहिणींचं एकमत झालं. धाकटी म्हणाली, "तुझं शास्त्र आणि माझं शास्त्र एकच तर विचारतंय. आत कुणी आहे का? मग विचारू या की."

विचारायची रीत सोपी आहे. माणसाने मूठ वळण्याची नुसती कल्पना केली, तरी मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागातल्या लहरी शांत होतात. उजव्या मुठीची जागा वेगळी, डावीची वेगळी. म्हणून आईला सांगितलं, 'हो' असेल तर मनातल्या मनात उजवी मूठ वळ, 'नाही' असेल तर डावी. पडद्यावर वरच्या रेषा सपाट झाल्या की हो, खालच्या झाल्या की नाही.

धाकटीने विचारलं, "आई, तू आहेस ना गं?" वरच्या रेषा सपाट झाल्या. ती ढसाढसा रडली. मी विचारलं, तर सगळ्या रेषा नुसत्या गिचमीड.

पुढे रोज तेच. केस बाजूला करून पेस्ट लावायची मी, तारा जोडायच्या मी, आणि आई बोलायची शेंडेफळाशी. दुखतंय का, नाही. गाणं लावू का, हो. पूर्वीही असंच होतं. औषधं विचारायला मला फोन, गप्पा मारायला तिला. माझ्या पोटात दुखायचं. लपवत कशाला बसू, मी जळत होते. आई मरणाच्या दारात आणि मी तिच्यावरून बहिणीवर जळत होते.

तर त्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच. नर्सने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतलेला. हवेच्या गादीचा पंप हळूहळू फुसफुसत होता. स्पिरिटचा वास, पेस्टचा वास, आणि त्याखाली आईच्या केसांचा तो ओळखीचा वासच नव्हता. मी टोपी चढवली.

"आई, मी थोरली. आज तरी बोल माझ्याशी."

वरच्या रेषा सपाट झाल्या. हो.

काय सांगू तुम्हाला, लहान मुलीसारखी मी खुर्ची पुढे ओढली. आणि तोंडातून गेलं तेच, जे आयुष्यभर पोटात होतं.

"तू माझीपण आई आहेस ना? तिच्याइतकीच?"

खालच्या रेषा सपाट झाल्या. नाही.

अंगाचा तिळपापड झाला. "मग कुणाची? तिची एकटीची?"

नाही.

आधी मला बरंच वाटलं. चला, तिचीही नाही. मग त्या 'नाही'चा दुसरा अर्थ लक्षात आला. सवयीने मी प्रश्न उलटा करून विचारला, कारण योगायोगाने आलेलं उत्तर उलट्या प्रश्नाला टिकत नाही.

"तू... आमची आई नाहीस?"

हो.

पंप थांबल्यासारखा वाटला. थांबला नव्हता.

"आई आहे का आत?"

नाही.

"रोज धाकटीशी बोलत होती... ती आई होती?"

नाही.

"तू आहेस?"

हो. इतकं स्वच्छ उत्तर मी कुठल्याही धडधाकट माणसाच्या मेंदूत पाहिलेलं नाही.

आमचं चुकलं कुठे, ते तेव्हा कळलं. आम्ही रोज 'आहेस ना' विचारत होतो. जो कुणी जागा आहे तो आईच, हे दोन्ही शास्त्रांनी परस्पर गृहीत धरून टाकलं होतं. आणि धाकटी तर वर्गात शिकवते की तो पाहणारा कुणाचा बाप नाही, कुणाची आई नाही. आईच्या उशाशी बसल्यावर तीही विसरली.

मी टोपी ओढून काढली. आईच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. तिचे डोळे छताकडेच होते. तेवढ्यात पडदा सरकला आणि धाकटी आत आली.

"राहवलं नाही गं," ती म्हणाली. खुर्चीवर बसून तिने आईचा हात गालाला लावला. "आई, मी आले." मग माझ्याकडे वळली. "तुझ्याशी बोलली का?"

तिचा चेहरा बघा कसा होता. तिला अजून आई होती. त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला, तितका जन्मात कधी वाटला नव्हता. एका वाक्यात मी ते हिसकावून घेऊ शकले असते. शब्द ओठांवर आले होते.

"बोलली," मी म्हणाले. "तुझीच आठवण काढत होती."

तिचे डोळे भरले. तिने मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत ती रेषा वाचायला शिकली होती.

"ताई," ती गोंधळून हळूच म्हणाली, "आई 'नाही' म्हणतेय..."

खालच्या रेषा सपाट होत्या. टोपी माझ्या हातात होती. कुणाच्याच डोक्यावर नव्हती, नुसती गिचमीड उमटायला हवी होती. रेषा स्वच्छ होत्या.