चौतीस दारं

मोजणीबाई त्या सकाळी निघाल्या तेव्हा काम तसं साधंच होतं. दारं मोजायची. फरक एवढाच, की ती दारं आता अठरा फूट गाळाखाली होती.

खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचा डोंगर दोन महिन्यांपूर्वी पहाटे घसरला आणि उतारावरची अख्खी गल्ली गडप झाली. कंपनीचं म्हणणं, तिथे अकराच घरं होती, बाकी पडीक जमीन. पुरावा म्हणून तिने चौकशी समितीपुढे सरकारी नकाशा ठेवला होता, आणि त्या नकाशाखाली सही होती मोजणीबाईंची. बारा वर्षांपूर्वी त्या भूमापन कचेरीत होत्या. साहेब म्हणाले, "वर कशाला चढताय, पडीकच आहे सगळं," आणि यांनी टेबलाशी बसून खालची अकरा घरं तेवढी दाखवली, वरचा उतार कोरा ठेवला. पुढे नोकरी सोडून त्या लोकांच्या हक्कांसाठी नकाशे करणाऱ्या एका लहानशा संस्थेत आल्या. सही मात्र मागे राहिली, ती आता मेलेल्यांच्या विरुद्ध साक्ष देत होती.

सोमवारी सुनावणी होती. बाईंनी सोबत पोस्टमनकाकांना घेतलं. काकांनी त्या गल्लीत तीस वर्षं टपाल वाटलं होतं.

वर धुकं होतं. ओल्या राखेचा आणि गंजक्या लोखंडाचा वास घशात बसत होता. गाळ वरून वाळला होता, पण पाऊल टाकलं की खालून पोकळ आवाज यायचा. विजेच्या दोन खांबांची टोकं तेवढी वर उरली होती. काका तिथून पावलं मोजत निघाले. थांबले की म्हणायचे, "हे दार." बाई तिथे जीपीएस रिसीव्हरची काठी रोवायच्या, मोबाइलवर बिंदू टाकायच्या आणि काका दबक्या आवाजात सांगायचे, घर कुणाचं, माणसं किती. प्रत्येक बिंदूला त्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन जोडला जात होता. दुपारपर्यंत चौतीस दारं झाली. काका परतताना पायाखाली बघून चालत होते, कुणाच्या अंगणातून जातोय याचा अंदाज घेत.

संस्थेची खोली झेरॉक्सच्या दुकानावर होती. खालच्या यंत्राची घरघर जमिनीतून खुर्चीत यायची. बाईंनी हेडफोन लावले आणि एकेक नोंद ऐकून तक्त्यात भरायला घेतली.

"तीन नंबर," काकांचा आवाज आला. "शिवणकाम करणारी. ती, नवरा, दोन मुलं. एकूण चार."

मग वारा. आणि मग अगदी जवळून, कुणा अनोळखी बाईचा आवाज.

"पाच... पाळण्यातलं धरलं नाही."

मोजणीबाईंचा हात थांबला. त्यांनी नोंद मागे नेली, पुन्हा ऐकली. शब्द तेच. आवाज असा, की बोलणारीच्या तोंडात काहीतरी भरलंय. डोंगरावर त्या दोघांशिवाय तिसरं कुणी नव्हतं.

त्या उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या, परत बसल्या. सगळ्या नोंदी ऐकल्या. सात ठिकाणी काकांचा आकडा कुणीतरी दुरुस्त केला होता, प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात. बारा नंबरवर एक म्हातारी पुटपुटली होती, "दोघंच... हे आदल्या दिवशी लेकीकडे गेले."

काकांना बोलावून घेतलं. त्यांनी तीन नंबरची नोंद ऐकली आणि हेडफोन काढून सावकाश टेबलावर ठेवले.

"तीच आहे," ते म्हणाले. "पार्सल घेताना अशीच आतून बोलायची." मग म्हणाले, "मला कुठे माहीत होतं, तिला तिसरं झालंय ते."

"काका, आपण हे असं लिहू शकत नाही."

"मग काय करायचं?"

"पडताळायचं. एकूणएक."

भीती त्यांनाही वाटत होती. पण एकदा त्या न बघता कोऱ्या जागेवर सही करून बसल्या होत्या, आता न बघता काही लिहायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दोन दिवस त्यांनी पायाला भिंगरी लावली. दवाखान्यातल्या सिस्टरनी लसीकरणाचं रजिस्टर काढलं: तीन नंबर, मुलगी, घटनेच्या नऊ दिवस आधी जन्म. बारा नंबरचे म्हातारे शेजारच्या गावात लेकीच्या ओसरीवर जिवंत बसलेले सापडले. सातही दुरुस्त्या खऱ्या निघाल्या.

सोमवारी कंपनीच्या वकिलांनी जुना नकाशा पुढे धरला. "ही सही तुमचीच ना?"

"माझीच," बाई म्हणाल्या. "नकाशा चुकीचा आहे. मी वर न जाता केला होता. या वेळी जाऊन आले."

रजिस्टरं, दाखले, बिंदू, सगळं त्यांनी टेबलावर मांडलं. आवाजांबद्दल अवाक्षर काढलं नाही. समितीने चौतीस घरं आणि एकशे एकवीस माणसं मान्य केली. खाणीच्या दुसऱ्या बाजूलाही तसाच एक डोंगर होता, त्याच्याखालची वस्तीही मोजायला सांगितली. ती वस्ती नांदती होती.

बाई आणि काका आठवड्याने तिथे गेले. पहिल्याच दारात एक बाई कपडे वाळत घालत होती. "आम्ही सहा," ती हसत म्हणाली. "नीट लिहा हं, नाहीतर कंपनी म्हणेल इथे शेळ्याच राहतात."

दुपारी खोलीत मोजणीबाईंनी ती नोंद लावली. हसू ऐकू आलं. मग वारा. मग तोच आवाज, त्याच बाईचा, पण तोंडात काहीतरी भरल्यासारखा.

"पाच... मोठी तेव्हा गावाला गेलेली असेल."

त्यांनी पुढची नोंद लावलीच नाही. गाडीची किल्ली घेतली आणि जिना उतरता उतरता काकांना फोन केला. "काका, वर चला. मोजायला नाही, माणसं खाली आणायला."

लोक सहजासहजी ऐकेनात. बाईंनी चौतीस दारांचा नकाशा प्रत्येक उंबऱ्यावर उलगडून दाखवला. कुणी शिव्या दिल्या, कुणी वेड्यात काढलं. त्या हटल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत सत्तावीस घरं पायथ्याच्या शाळेत आली.

एक दिवस गेला, चार गेले. डोंगर हलला नाही. शाळेत कुरकुर सुरू झाली, कंपनीचे लोक फाटकाशी उभे राहून हसू लागले. बाई वर्गाच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या, कुणालाही वर जाऊ देईनात.

पाचव्या दिवशी दुपारी त्या पहिल्या घरची मोठी मुलगी खांद्याला पिशवी अडकवून समोर आली.

"बाई, मी दोन दिवस मावशीच्या गावाला जाऊन येते."

आतून तिच्या आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता आवाज दिला, "जाऊ द्या हो तिला. आम्ही पाच आहोतच की इथे."

पाच. नोंदीतलाच आकडा, मोजणीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी खिडकीतून वर पाहिलं. तो करडा उतार शाळेच्या छपरापासून किती अंतरावर आहे, हे त्यांनी अजून मोजलं नव्हतं.

त्या खुर्चीवरून उठल्या.

"चला, उठा सगळे. सामान राहू द्या. अजून खाली जायचंय."