विचारून सोडलेलं पाणी

समिधाला विश्वासू माणूस हवा होता. बाकी तिची काही अट नव्हती. टाइल्स कुठल्याही चालल्या असत्या, रंग कुठलाही. पण ज्या पाण्यात आपली मुलगी उतरणार ते कुणाच्या हातचं आहे, हे तिला ठाऊक असायला हवं होतं.

सान्वी दहा वर्षांची. आदल्या वर्षी तिला ताप आला, आणि जाताना दोन्ही पायांतली ताकद घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, पाण्यात अंगाचं ओझं वाटत नाही, पायांना हळूहळू आठवेल. म्हणून एका क्लबच्या तलावावर न्यायला लागले. तिथला शिकवणारा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, तेवढ्यात सान्वी खाली गेली. समिधानेच कपड्यांसकट उडी मारून तिला बाहेर काढलं. त्यानंतर तिने ठरवलं, पुन्हा परक्या पाण्यात नाही. धनेशची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, उत्तनजवळच्या तारोडी गावात वडिलांकडून आलेली जागा होती. गोडदेवचा राहता फ्लॅट भाड्याने देऊन त्यांनी तिथे लहानसं घर बांधलं आणि मागच्या अंगणात सान्वीपुरता तलाव करायचं ठरलं. मुलीने आधाराची दांडी सोडून एकटीने चार पावलं टाकावीत, एवढंच समिधाला बघायचं होतं. त्यापलीकडे तिचं मन कुठे जातच नसे.

मग माणसं शोधणं सुरू झालं. एकजण दुबईच्या हॉटेलांचे फोटो घेऊन आला. एकजण सारखा म्हणायचा, "भाभी, आप टेन्शन मत लो," आणि त्या वाक्यानेच समिधाची झोप उडाली. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची: पाणी गळलं तर? सगळे छातीवर हात ठेवून सांगायचे, गळणारच नाही. सगळ्यांना तिने चहा पाजला आणि परत पाठवलं.

शेजारची ऑड्रे कुंपणापलीकडे बांबूंवर बोंबील उलटेपालटे करत हे सगळं बघत असायची. "समिधा, नवरा तरी एवढा पारखून घेतलेलास का गो?" ती म्हणाली. आणि तिनेच धर्माशेठचं नाव सुचवलं. उत्तनच्या बर्फाच्या कारखान्यांतल्या टाक्या त्याने बांधलेल्या, हल्ली बंगल्यांचे तलावही करायचा.

धर्माशेठ बोलेरोतून उतरला तो पांढराशुभ्र शर्ट, गॉगल आणि बोटात जाडजूड अंगठी घालून. साठी उलटलेली, पण केस काळेभोर रंगवलेले. समिधाचं मन आधी खट्टूच झालं. तरी तिने प्रश्न विचारला.

"गळंल," धर्माशेठ म्हणाला. "पानी हाय ते, वाट शोधनारच. गळलं तर मी येईन. न्हाय आलो तर घर म्हाईत हाय माझं, दारात येऊन शिव्या घाल."

समिधाने त्याच दिवशी त्याला काम दिलं.

त्याची एक रीत होती. कुठलंही काम तो विचारल्याशिवाय करत नसे. समिधाला तो पोरीच म्हणायचा. साठीच्या आतली प्रत्येक बाई त्याच्या लेखी पोरी. पोरी, इथं खनू? पोरी, सळ्या बांधू? आणि नुसती मान हलवलेली त्याला चालायची नाही, तोंडाने उत्तर लागायचं. भाईंदरच्या एका बाईने मान हलवून हिरव्या टाइल्स लावून घेतल्या आणि नंतर साफ कानावर हात ठेवले, तेव्हापासून तो शहाणा झाला होता. धनेश हसायचा, म्हणायचा, हा माणूस शिंकताना पण विचारेल. समिधाला मात्र त्या विचारण्याने हलकं वाटायचं. कुणीतरी तिच्या शब्दाची वाट बघत थांबतं आहे, हे तिला फार दिवसांनी मिळत होतं.

खणताना कुदळ दगडावर आपटली. माती बाजूला सारली तर दगडांचं गोल कडं निघालं. जुना आड, केव्हाचा बुजलेला. धर्माशेठने गॉगल काढला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "पोरी, आड हाय. यावरच तळ टाकू?"

"टाका," समिधा म्हणाली.

संध्याकाळी ऑड्रेला हे कळलं तेव्हा तिने हातातली टोपली खाली ठेवली. तिची सासू त्याच आडाचं पाणी भरायची म्हणे. पण विचारून. काठावर उभं राहायचं, "घेऊ गो?" म्हणायचं आणि मगच बालदी आत सोडायची. गावातल्या सगळ्या बाया तसंच करायच्या.

"मग उत्तर यायचं?" समिधाने हसत विचारलं.

"उत्तर कशाला येईल? विचारायची पद्धत होती," ऑड्रे म्हणाली. "नंतर घरोघर नळ आले. विचारायला कोण जातंय?"

धनेश म्हणाला, आपला शेठ त्याच आडावर वाढलेला दिसतो. तिघंही हसली.

तलाव उभा राहिला. आकाशी टाइल्स, कडेने धरायची दांडी, आणि भोवती लोखंडी कठडा. कठड्याच्या फाटकाची कडी मुद्दाम उंचावर, खुर्चीत बसलेल्या मुलीचा हात पोहोचू नये म्हणून. पाणी दोनदा सोडायचं होतं. आधी तळाजवळच्या खालच्या पाइपने गुडघाभर, मग ते दिवसभर राखून गळती बघायची आणि सगळं ठीक असेल तर वरच्या पाइपने पूर्ण भरायचं. धर्माशेठने समिधाला हे दोनदा समजावलं. टँकर आला, त्याने मागून हाक दिली, "पोरी, खाली पानी सोडू?" आणि समिधा स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "सोडा."

दुसऱ्या दिवशी पाणी तसूभरही उतरलं नव्हतं.

त्या दुपारी वारा पडला होता. समुद्र जवळ असूनही त्याचा आवाज येत नव्हता. धनेश दुकानावर गेलेला. मागच्या पडवीत सान्वी चाकांच्या खुर्चीत बसून चित्रं रंगवत होती. समिधा दर थोड्या वेळाने डोकावून कडी लागली आहे ना ते बघत होती. कडी लागलेली होती, तरी तिला स्वस्थता नव्हती. ती कणीक मळायला बसली, उठली, पुन्हा डोकावून आली, पुन्हा बसली. सुक्या मासळीचा रोजचा वास कुठे गेला होता कोण जाणे. त्याच्या जागी दुसराच वास येत होता... फार दिवस पाण्यात राहिलेल्या काथ्याच्या दोराचा.

तेवढ्यात मागून हाक आली.

"पोरी वर पानी सोडू?"

आवाज नेहमीचाच. जरासा घोगरा, जरासा खालून आल्यासारखा. समिधाचे दोन्ही हात कणकेत होते.

"सोडा," ती म्हणाली.

पाणी पडल्याचा आवाज झाला नाही. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा कणीक मळून झाली होती. टँकरची घरघर नाही, पाइपची खळखळ नाही, धर्माशेठचं कुणावर ओरडणं नाही. ती हात न धुताच पडवीत आली.

खुर्ची रिकामी होती. फाटकाची कडी लागलेलीच होती. तलाव काठोकाठ भरला होता, आणि त्याच्या मधोमध, दांडीपासून लांब, सान्वी छातीभर पाण्यात उभी होती. हात दोन्ही बाजूंना मोकळे. तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

समिधाच्या मनात आधी भीती आली नाही. आधी आला तो आनंद. इतका, की तिला कठडा धरावा लागला. सान्वी चालत होती. वर्षभर समिधा ज्यासाठी देवांना विनवत होती ते तिच्यासमोर, भर उन्हात, घडत होतं. मग तिने कडी काढली, पाण्यात उतरून मुलीला कवेत घेतलं. पाणी गार होतं. सूर्य डोक्यावर असताना असू नये इतकं गार.

"आत कशी आलीस, बाळा?"

सान्वीने तिच्याकडे पाहिलं. "तूच म्हणालीस ना..."

धनेश संध्याकाळी लवकर आला. मुलगी पाण्यात चालली हे ऐकून त्याचे डोळे भरले. आभार मानायला त्याने तिथल्या तिथे धर्माशेठला फोन लावला. बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. फोन ठेवून त्याने समिधाकडे पाहिलं. धर्माशेठ सकाळपासून चौक गावी होता, एका नातेवाइकाच्या मयताला. टँकर उद्यासाठी सांगितला होता.

सकाळी धर्माशेठ आला. गॉगल नव्हता. त्याने तलावाकडे लांबूनच पाहिलं, काठावर गेला नाही. पडवीच्या पायरीवर बसला आणि समिधाला म्हणाला, काय इचारलं ते जसंच्या तसं सांग.

समिधाने सांगितलं. पोरी, वर पाणी सोडू.

"पोरी म्हनला, आनि थांबला? का सलग म्हनला?"

"म्हणजे?"

"म्हनून बघ."

समिधाने म्हणून बघितलं. आधी थांबून. पोरी... वर पानी सोडू. मग सलग. पोरीवर पानी सोडू. तिचे ओठ हलत राहिले. माणूस जमिनीवर पाणी सोडतो, हक्कावर सोडतो. एकदा सोडलं की ते आपलं राहत नाही. तिने कालची दुपार मनात शंभरदा उलटून पाहिली. आवाज आठवला, वास आठवला, बोटांमधली कणीक आठवली. पण मध्ये तो थांबला होता की नव्हता, ते मात्र आठवेना.

"तुम्ही वरच्या पाइपबद्दल बोलला होतात," ती म्हणाली. "म्हणून मला वाटलं..."

"वरचा पाइप बसवलेला न्हाय अजून," धर्माशेठ म्हणाला. "गाडीत पडलाय."

कुंपणापलीकडून ऑड्रेने सगळं ऐकलं होतं. तिने गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि आत निघून गेली.

समिधा उठून तलावाच्या काठाशी गेली. पाणी निवांत होतं. ती वाकली आणि स्पष्ट, मोठ्याने म्हणाली, "मी सोडलं नाही. माझी मुलगी आहे ती. मी सोडलेलं नाही." पाणी हललं नाही. आडाला काही सांगायची पद्धत गावात कधीच नव्हती, होती ती फक्त विचारायची. ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली, कुणीतरी पुन्हा विचारावं म्हणून. म्हणजे या वेळी नाही म्हणता येईल. कुणी विचारलं नाही.

त्याच दिवशी मोटर लावून पाणी उपसलं. धर्माशेठने जेसीबी आणून तळ फोडला, कठडा काढला, डबर आणि माती भरून जागा सपाट केली. यातलं काहीही करताना त्याने समिधाला विचारलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. जाताना धनेशला एवढंच म्हणाला की, वरचा पाइप तुमचा हाय, ठेवून जाऊ काय... आणि अर्ध्यातच तोंड मिटून गाडीत बसला.

सान्वी मात्र सुधारत गेली. डॉक्टरांनी तिच्या पायांवर हातोडी टेकवून पाहिली आणि खूश झाले. धनेशने पडवीच्या भिंतीला दांडी लावून दिली. ती धरून सान्वी रोज ये-जा करायची. जेवायची नीट, हसायची, अभ्यास करायची. समिधा तिला न्याहाळत राहायची. अमुक एक बदललं आहे असं बोट दाखवून सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी ती रात्रंदिवस तिच्याभोवती घुटमळायची, आणि घरात 'सोडा' हा शब्द कुणी उच्चारला की तिच्या हातातलं भांडं निसटायचं. धनेश म्हणायचा, झालं गेलं विसर, पोरगी बरी होतेय ना. समिधा हो म्हणायची.

एका दुपारी ती वाळलेले कपडे घेऊन पडवीत आली. सान्वी दांडीच्या टोकाला उभी होती. तोंड मागच्या अंगणाकडे, जिथे आता नुसती सपाट माती होती. दोन्ही हातांनी तिने दांडी घट्ट धरली होती.

"सोडू का?" सान्वी म्हणाली.

समिधाच्या हातातले कपडे खाली पडले. वर्षभर तिने या प्रश्नाची वाट पाहिली होती. आता मात्र तिच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"नको." आणि मग घाईघाईने, "नको सोडूस, बाळा. थांब, मी येते."

सान्वीने मान वळवली नाही.

"तुला नाही विचारलं, आई," ती म्हणाली. अगदी मायेने, लहान मुलाला समजवावं तसं.

मग ती थांबली. मान जराशी कलती करून. समिधानेही कान दिला. ऑड्रेच्या घरातला रेडिओ, एक कावळा... बाकी काही नाही.

"बरं," सान्वी म्हणाली, आणि तिने दांडी सोडली.