गळ्यापाशी राहिलेली फट

विहंगची चित्रं टोपी बाजारातल्या भिंतींवर फार तर पंधरवडा टिकायची आणि त्याला त्याचाच अभिमान होता. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये आकार कापायचा, ती भिंतीला लावायची, वरून गेरूचं पाणी फवारायचं. पुसायचं काम ऊन-वारा बघून घेई. "कला टिकली की तिचं फर्निचर होतं," असं तो सिटी सेंटरमधल्या एका व्याख्यानात म्हणाला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

त्या दिवशी त्याने पहिल्यांदाच घरचं माणूस कापलं: दोरीवरच्या उड्या मारणारी त्याची सात वर्षांची अवंतिका. मोठा आकार कापताना फिल्म लोंबू नये म्हणून मधे पट्टी सोडतात. फवारल्यावर तिथली फट ब्रशने भरायची. पट्टी गळ्यापाशी होती. मागून टेंपोवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिले आणि भरायचं राहून गेलं.

घरी अवंतिका त्याला काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"दुपारपर्यंत नुसती बडबडत होती रे," त्याची बायको सीमंतिनी म्हणाली.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. घसा उत्तम आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विहंग त्या भिंतीपाशी गेला. तो फिजिक्सचा पदवीधर; स्वतःलाच हसला. मग इकडेतिकडे बघून ती फट भरली.

फोन वाजला. अवंतिका, मैत्रिणींशी बोलते तशा हिंदीत: "बाबा, मम्मी आईसक्रीम नहीं दे रही!"

आठवड्याने चित्राचे पाय फिके पडले.

त्याच संध्याकाळी अवंतिका जिन्यावर बसूनच राहिली. "बाबा, पाय दिसतायत. पण कळत नाहीयेत."

विहंग धावतच सूर्याजींच्या रंगाच्या दुकानात शिरला. "ऑइल पेंट द्या. पक्का."

"तुम्हाला? ऑइल पेंट?" सूर्याजी गल्ल्यावरून खदखदून हसले. "काय विहंगराव, फर्निचर काढताय की काय?"

"लवकर द्या हो."

भर बाजारात त्याने डोक्यापासून पायांपर्यंत अख्खं चित्र रंगवलं. वर वॉर्निशचे दोन हात दिले.

सकाळी गच्चीवर दोरी आपटत होती. थप्, थप्.

याला आता तीन वर्षं झाली. रंगाचा टवकाही उडालेला नाही. अवंतिका ठणठणीत आहे. साधी सर्दीसुद्धा नाही.

परवा सीमंतिनी अवंतिकाचा शाळेचा फ्रॉक इस्त्री करता करता थांबली.

"हा ती दुसरीत असताना वाढत्या अंगाचा म्हणून घेतला होता ना रे आपण?"

खालची दुमड तशीच होती. टाकासुद्धा उसवलेला नव्हता.